उत्तर कुणाला द्यायचं

होटगी जंक्शनला पिढ्यान्‌पिढ्या माणसं गाडी बदलत आली. सोलापूर ओलांडून रायचूरकडे जाणारा मार्ग 1871मध्ये पुरा झाला आणि 1884मध्ये होटगीहून विजापूर-गदगकडे मीटरगेजचा फाटा निघाला. दोन्ही रुळांची रुंदी वेगळी, त्यामुळे डबा पुढे जात नसे. ट्रंका-वळकट्या उतरवायच्या आणि पुढच्या गाडीपर्यंतचा वेळ फलाटावर काढायचा. उत्तरेला अमेरिकन मराठी मिशनचं सोलापूर, दक्षिणेला बासेल मिशनचं विजापूर आणि गदग-बेटगेरी, इथे गावात वीरशैवांचा मठ. बोलणं निम्मं मराठीत, निम्मं कन्नडात. अशा ठिकाणी देवाधर्माची गोष्ट निघायला फारसं निमित्त लागत नाही.

या भागातल्या जुन्या ख्रिस्ती मंडळींची एक रीत मी पाहत आलो आहे. कुणी मनापासून काही विचारलं, तर हातातलं काम बाजूला ठेवून सांगत बसतील. कुणी चारचौघांत डिवचलं, तर हसून पाऊसपाण्याची गोष्ट काढतील. हा भित्रेपणा नाही. हीच माणसं चर्चच्या कमिटीत, जमिनीच्या बांधावर, पोरीच्या लग्नाच्या बोलणीत तोडीस तोड उत्तर देतात. मग देवाच्या बाबतीतच हा संयम का? ही रीत आली कुठून?

बायबलमधून, असं चटकन म्हणता येईल. पण बायबल या बाबतीत एका सुरात बोलत नाही. नीतिसूत्रांच्या सव्विसाव्या अध्यायात चौथं आणि पाचवं वचन शेजारी शेजारी आहेत. एक सांगतं की मूर्खाला त्याच्या मूर्खपणाच्या पायरीवर उतरून उत्तर देऊ नकोस. लगेच दुसरं सांगतं की दे, नाहीतर तो स्वतःला शहाणा समजत राहील. पौल तीमथ्याला आणि तीताला पोकळ वादांपासून दूर राहायला बजावतो, पण तोच पौल अथेन्सच्या बाजारात रोज भेटेल त्याच्याशी वाद घालत होता. येशूने शास्त्री-परुश्यांना प्रश्नाला प्रतिप्रश्न करून निरुत्तर केलं, मात्र हेरोदापुढे एक शब्दही काढला नाही. पेत्राच्या पहिल्या पत्रात या गुंत्याची एक किल्ली आहे: तुमच्या आशेचं कारण जो विचारील त्याला उत्तर द्यायला सदा तयार असा, पण सौम्यतेने आणि आदराने. म्हणजे आधी विचारणारा हवा. या एका अटीचं मोल कळायला मराठी मुलुखाला जवळजवळ तीनशे वर्षं लागली.

वाद या मातीला नवा नव्हता. होटगीपासून पंधरा-एक किलोमीटरवरच्या सोलापूरची, म्हणजे तेव्हाच्या सोन्नलिगेची, एक कथा पंधराव्या शतकातल्या 'शून्यसंपादने' या कन्नड ग्रंथात आहे. बाराव्या शतकातले सिद्धराम तिथे लोक जमवून तळं खोदून घेत होते. अल्लमप्रभू तिथे आले आणि मजुरांसमोर मुद्दाम सिद्धरामांना हिणवून बोलले. मजुरांनी दगड उचलले. सिद्धराम संतापून धावत आले. तिथून पुढे संवाद सुरू झाला आणि अखेर सिद्धराम अल्लमांबरोबर बसवेश्वरांच्या कल्याणला गेले. डिवचणं हीच इथे पहिली पायरी आहे. पण पुढचं सगळं बोलणं त्या एका माणसाशी आहे, गर्दीशी नाही. त्याच सिद्धेश्वराच्या तळ्याकाठून जाताना हा भेद मला नेहमी आठवतो, कारण पुढे मिशनऱ्यांचं जिथे जिथे चुकलं तिथे नेमका हाच भेद सुटला होता.

मराठीत ख्रिस्ती वाणी पहिल्यांदा उमटली ती गोव्यात. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट 1579मध्ये गोव्याला आला आणि 1616मध्ये त्याचं 'क्रिस्तपुराण' छापून निघालं. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ. त्याची घडण पुराणिकाची आहे: पाद्री सांगतो आणि श्रोते मधूनमधून शंका विचारतात. आपली पुराणं काढून घेतलीत, मग आम्ही वाचायचं काय, अशी साष्टीतल्या नवख्रिस्ती श्रोत्याची तक्रार ग्रंथातच आहे आणि पुराण हे तिचंच उत्तर आहे. दुसऱ्याचे देव तोडून आपला देव मांडण्यापेक्षा त्याच्या कानाला ओळखीच्या चालीत आपली कथा सांगावी, हा स्टीफन्सचा मार्ग. 'क्रिस्तपुराणा'नंतर तेरा वर्षांनी एत्येन द ला क्र्वा या फ्रेंच जेझुइटाने सेंट पीटरवर मराठी ओवीबद्ध पुराण रचलं, आणि त्याचा उघड हेतूच हिंदू मतांचं खंडन हा होता. एकाच पंथाचे दोन पाद्री, एकच प्रदेश, एकच छंद आणि दोन स्वभाव.

दोन्ही ग्रंथ लिहिले गेले तेव्हा तिथे देवळं पाडली गेलेली होती आणि 1560पासून इन्क्विझिशन बसलेलं होतं. ज्याला उलट उत्तर देण्याची मोकळीक नाही त्याच्याशी केलेल्या बोलण्याला वाद म्हणता येत नाही. स्टीफन्सच्या ओव्या मला मनापासून आवडतात, पण त्यातल्या श्रोत्याने खरोखर काय विचारलं असतं हे त्या ओव्यांतून कधीच कळणार नाही, ही खंत राहते.

उलट उत्तर मिळालं ते मुंबईत. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन 1829मध्ये इथे आला. कोकणात राहून मराठी शिकला आणि लगेच जाहीर वादसभा भरवू लागला. 1831च्या फेब्रुवारीत मोरभट दांडेकर त्याच्यासमोर उभे राहिले. सभा एका दिवसात आटोपली नाही, आणि नंतर तोंडचा वाद कागदावर उतरला. मोरभटांनी 'हिंदुधर्मस्थापना' लिहिली. 1832मध्ये विल्सनचं खंडन आलं. मग साताऱ्याच्या नारायणरावांनी 'स्वदेशधर्माभिमानी' लिहिलं आणि 1834मध्ये विल्सनला दुसरं खंडन लिहावं लागलं. पुढे मोरभटांनी 'उपदेशचंद्रिका' नावाचं मासिकच काढलं.

या वादातून काय निघालं? मराठी गद्याला तालीम मिळाली, हे मोठंच. मुद्दा मांडणं, आक्षेप उद्धृत करून त्याचं निरसन करणं, पुरावा देणं हे छापील मराठीत या भांडणांमुळे रुळलं. विल्सन विद्वान होता, कष्टाळू होता आणि समोरच्याला बोलू देत होता, हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं. पण त्याच्या पुस्तकांचा सूर उघडं पाडण्याचा होता. सभेत शेकडो माणसांसमोर कुणाच्या पूजेतल्या देवाची वस्त्रं फेडली, तर तो माणूस आपल्या देवाला पाठीशी घालणारच. प्रश्न सत्याचा राहत नाही, अब्रूचा होतो. मोरभटांच्या जागी मीही तेच केलं असतं.

त्यात कोर्टकचेऱ्या आल्या. 1839मध्ये विल्सनने दोन पारशी तरुणांचा बाप्तिस्मा केला आणि मुंबई ढवळून निघाली. 1843मध्ये नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनमध्ये राहायला गेला होता, कोर्टाने त्याला घरी परत पाठवलं, आणि त्याला जातीत घेण्यासाठी बाळशास्त्री जांभेकरांना स्वतःच्या समाजाशी झुंजावं लागलं. एका मुलाच्या मनात काय चाललं आहे हे विचारायला वकील आणि पंचच तेवढे उरले होते. वादात जिंकण्याची किंमत दोन्हीकडच्या घरांना मोजावी लागली.

मग आला समुद्रकिनारा. विष्णुबुवा ब्रह्मचारी, मूळचे विष्णु भिकाजी गोखले, 1856मध्ये मुंबईत आले आणि व्याख्यानं देऊ लागले. 1857च्या जानेवारीपासून मेपर्यंत समुद्रकिनारी त्यांचे आणि मिशनऱ्यांचे जाहीर वाद झाले. उत्तरेत बंड पेटलं तरी इथे वाळूवर त्रैक्य आणि वेद यांची उलटतपासणी चालू होती. समोर होता जॉर्ज बोवेन. व्हरमाँटचा हा अमेरिकन 1848मध्ये मुंबईत आला, मिशनचा पगार त्याने स्वतःहून सोडला आणि गरिबांच्या वस्तीत साधेपणाने राहिला तो 1888मध्ये मरेपर्यंत. वादाचा वृत्तांत त्याने इंग्रजीत छापला, बुवांच्या बाजूचा वृत्तांत मराठीत निघाला, आणि दोन्ही वाचले की प्रत्येकाला आपणच जिंकलो असं वाटलेलं दिसतं. मुंबईकरांच्या मनात बोवेनविषयी जो आदर राहिला तो त्याच्या कोटीक्रमामुळे नाही. तो ज्या खोलीत राहत होता आणि जसा राहत होता, त्यामुळे. वादसभेतल्या बोवेनला बुवा उत्तर देऊ शकत होते, वस्तीतल्या बोवेनला उत्तर देण्याचं कुणाला कारणच नव्हतं.

इथवर वाचून कुणी म्हणेल, म्हणजे वाद नकोच. नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांचं चरित्र असं म्हणू देत नाही, आणि म्हणून या साऱ्या मागोव्यात मला ते सर्वांत महत्त्वाचं वाटतं.

गोऱ्हे चित्पावन, जन्म 1825चा, वाढले काशीत. न्यायशास्त्रात तयार झालेले. न्यायात वाद, जल्प आणि वितंडा असे चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत: सत्य शोधण्यासाठी, जिंकण्यासाठी आणि केवळ समोरच्याचं मोडण्यासाठी. हा तरुण शास्त्री काशीच्या बाजारात उपदेश करणाऱ्या विल्यम स्मिथ या चर्च मिशनरी सोसायटीच्या पाद्र्याला गप्प करायला गेला, म्हणजे जल्पासाठीच गेला. स्मिथने बाजारातल्या गर्दीपुढे त्याची जिरवण्याचा प्रयत्न केला नाही. घरी बोलावलं, प्रश्न ऐकले, पुस्तकं दिली. त्यात जॉन म्यूर यांची संस्कृत 'मतपरीक्षा' होती. गोऱ्ह्यांनी तिचं खंडन करायला 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' लिहिला, तोही संस्कृतात, आणि ख्रिस्ती मताविरुद्धचा तो त्या काळातला फार कसून लिहिलेला ग्रंथ आहे. पण खंडन करायचं तर समोरचा ग्रंथ नीट वाचायला लागतो. डोंगरावरचं प्रवचन वाचता वाचता खंडन करणाऱ्याच्याच मनात घर करून बसलं. 14 मार्च 1848 रोजी जौनपूरला त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि ते नेहेम्या गोऱ्हे झाले.

इथे वाद टाळला असता तर काय झालं असतं? स्मिथने दार लावलं असतं तर गोऱ्हे आपलं मत घेऊन परत गेले असते. दोघांनी बाजारात एकमेकांना हरवलं असतं, तरी ते परतच गेले असते. स्मिथने तिसरी वाट धरली: वाद घातला, पण प्रेक्षक काढून टाकले. नीतिसूत्रांतली ती दोन वचनं शेजारी का आहेत, हे मला या घटनेत पहिल्यांदा नीट उमगतं. माणूस तोच, त्याचे प्रश्न तेच. बाजारात उत्तर देणं म्हणजे त्याच्या पायरीवर उतरणं होतं, आणि घरी उत्तर न देणं म्हणजे त्याला टाकून देणं झालं असतं.

गोऱ्ह्यांचं मन पुढेही शांत झालं नाही. शंका त्यांना आयुष्यभर छळत राहिल्या आणि त्यांनी त्या लपवल्या नाहीत. 'षड्दर्शनदर्पण' लिहून त्यांनी हिंदू दर्शनांवर टीका केली, तरी उत्तरायुष्यात ते पुण्यात आणि मुंबईत प्रसिद्ध झाले ते एकेका माणसाशी तासन्‌तास बोलणारा, पत्रं लिहिणारा फादर म्हणून. पुण्याच्या पंच हौद मिशनशी त्यांचा जवळचा संबंध होता, जिथे 1890मध्ये लोकमान्य टिळक आणि रानडे चहा प्याले आणि ग्रामण्य उठलं. पंडिता रमाबाईंना ख्रिस्ती श्रद्धेकडे नेण्यात गोऱ्ह्यांच्या लेखनाचा मोठा वाटा होता, हे रमाबाईंनीच सांगितलं आहे.

आणि रमाबाई वादात गोऱ्ह्यांपेक्षा कमी नव्हत्या. 1883मध्ये इंग्लंडात वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. आता ही विदुषी मुकाट्याने शिकवलेलं मान्य करील, असं तिथल्या सिस्टर्सना वाटलं असावं. रमाबाईंनी सिस्टर जेराल्डीन आणि डोरोथिया बील यांच्याशी पत्रांतून त्रैक्यावर, चर्चच्या अधिकारावर, गळ्यातल्या क्रूसावरच्या लॅटिन अक्षरांवरही वाद घातला. हिंदुस्थानातल्या बाईच्या क्रूसावर संस्कृत का नको, हा त्यांचा प्रश्न होता. ख्रिस्ती माणसाने कधी वाद टाळावा याची चर्चा आपण बहुधा परधर्मीयांच्या संदर्भात करतो. आपल्याच वडीलधाऱ्यांशी, आपल्याला उपकाराच्या ओझ्याखाली ठेवणाऱ्यांशी वाद कधी घालावाच लागतो, हे रमाबाईंनी दाखवलं. त्या नम्र होत्या, पण पटल्याशिवाय मान डोलवायला तयार नव्हत्या. हा धडा आपल्या मंडळींनी पुरेसा गिरवलेला नाही, असं मला वाटतं. बाहेरच्यांपुढे सौम्य राहणाऱ्या कितीतरी मंडळ्यांत आतला साधा प्रश्न विचारणाऱ्याला मात्र अजूनही बंडखोर ठरवतात.

मधल्या काळात वादाचं बळ दुसऱ्या वाटांनीही वाहू लागलं होतं. बेळगावचे बाबा पदमनजी 1854मध्ये ख्रिस्ती झाले. त्यांनी खंडनमंडनाची पुष्कळ पुस्तकं लिहिली, पण आज आपण त्यांना ओळखतो ते 1857च्या 'यमुनापर्यटन'मुळे. विधवांच्या हालांवर निबंध लिहून समोरच्याला शास्त्राधार काढायला लावण्यापेक्षा त्यांनी एक बाई घराघरांतून हिंडवली. अहमदनगरच्या ख्रिस्ती मंडळींनी कीर्तन उचललं, टाळ-मृदंगासह. ज्याला ऐकायचं तो बसतो, नको तो उठून जातो, आणि कुणाचाही अपमान होत नाही.

या वळणाचं फळ नारायण वामन टिळक. 1893मध्ये ते नागपूरहून राजनांदगावला रेल्वेने निघाले होते. डब्यात एक युरोपियन गृहस्थ होते. त्यांनी सरकून जागा दिली. त्या काळात ही छोटी गोष्ट नव्हती. बोलणं निघालं ते संस्कृत काव्यावर. धर्माची गोष्ट ओघात आली, पण त्यांनी टिळकांच्या धर्मावर टीका केली नाही. उतरण्याआधी नव्या कराराची एक प्रत हातात ठेवली, वाचा म्हणाले, आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असंही सांगून गेले. ना यांनी नाव विचारलं, ना त्यांनी सांगितलं. हे गृहस्थ फ्री मेथडिस्ट मिशनरी अर्नेस्ट वॉर्ड होते, असं पुढे समजलं.

टिळकांनी वाचलं आणि तेही गोऱ्ह्यांसारखे डोंगरावरच्या प्रवचनापाशी थांबले. पण मनात शंका होत्याच. त्यांनी नाव न देता 'ज्ञानोदय'चे संपादक जस्टिन अ‍ॅबट यांच्याशी पत्रव्यवहार सुरू केला. विचारणारा कोण, कुठल्या जातीचा, किती विद्वान, हे अ‍ॅबटना माहीत नव्हतं. त्यामुळे उत्तर फक्त प्रश्नालाच द्यावं लागलं. वादातून दोन्हीकडचा मान-अपमान इतका पूर्ण काढून टाकल्याचं दुसरं उदाहरण मला मराठीत ठाऊक नाही. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला, आणि तो दिला रेव्हरंड तुकाराम नाथोजी या मराठी पाळकाने.

अ‍ॅबट यांच्या बाबतीत पुढे जे झालं ते मला फार महत्त्वाचं वाटतं. 1842मध्ये अहमदनगरला सुरू झालेल्या 'ज्ञानोदय'च्या जुन्या अंकांत हिंदू देवदेवतांवर टीकेचे रकाने भरलेले असत. त्याच पत्राच्या या संपादकाने उतारवयात महीपतीच्या आणि इतर संतांच्या मराठी ग्रंथांचं इंग्रजी भाषांतर करायला घेतलं. मालिकेतले काही ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले. शंभर वर्षांपूर्वी विल्सनने ज्या परंपरेचं खंडन लिहिलं, तिचं ऐकून घ्यायला मिशनचाच एक माणूस आयुष्याच्या शेवटी बसला. उत्तर देण्याआधी ऐकावं लागतं, हे मिशनला इतक्या उशिरा सुचावं याचं वाईट वाटतं. सुचलं याचा आनंद त्याहून मोठा आहे.

टिळक स्वतः तापट होते. वाद त्यांच्या अंगातच होता. तुकोबांच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडे आलो, अशा अर्थाचं ते सांगत. ज्या पुलावरून आलो तो उडवायचा कशाला, हे त्यांना कळलं होतं, म्हणून 1912पासून 'ज्ञानोदय'च्या मराठी भागाचं संपादन त्यांच्या हाती आलं तेव्हा तिथे अभंग आणि कविता फुलल्या. पण त्यांच्या संयमाची खरी परीक्षा छापखान्यात झाली नाही, घरात झाली.

नवरा बाटला म्हणून लक्ष्मीबाई काही वर्षं माहेरच्या माणसांत राहिल्या. परत आल्या त्या सोवळं घेऊनच. वेगळी चूल, वेगळं पाणी. टिळकांच्या हातचं खायचं नाही. जो माणूस मंडळीत जातिभेदाविरुद्ध बोलतो त्याच्या घरात त्याची बायको त्याचाच विटाळ मानते, आणि येणारेजाणारे ते पाहतात. टिळकांकडे शास्त्र होतं, वाणी होती, नवरेपणाचा त्या काळचा हक्क होता. कुणी बोट ठेवलं नसतं. रागाच्या भरात ते बोलून जात, भांडणंही होत. मात्र धर्म बदल, जात सोड, असा हट्ट त्यांनी धरला नाही. वेगळं पाणी चालू राहिलं.

'स्मृतिचित्रे'त लक्ष्मीबाईंनी लिहिलं आहे की जात कुणी केली, देवाने की माणसाने, हा प्रश्न एके दिवशी त्यांचा त्यांनाच पडला. त्या एकट्याच त्याचा विचार करत बसल्या आणि उत्तरही त्यांचं त्यांनाच मिळालं. त्यानंतर त्यांनी कुणाच्याही हातचं खायला-प्यायला सुरुवात केली. बाप्तिस्मा त्याच्याही नंतरचा, 1900मधला. टिळकांना त्यांच्या मनातला हा बदल कळला तो सोवळं सुटलेलं पाहून.